लोकल केबल चॅनेल कायदेशीर कसं चालवायचं: नोंदणी, करार, रेकॉर्डिंग आणि कार्यक्रमांची बंधनं

लोकल चॅनेल सुरू करायचं म्हटलं की पहिला प्रश्न असतो, ‘लायसन्स कुठे काढायचं?’ याचं उत्तर कुणी हेड पोस्ट ऑफिस असं देतं, कुणी कलेक्टर ऑफिस, तर कुणी थेट दिल्ली. तिन्ही उत्तरांत थोडंथोडं तथ्य आहे, म्हणून तर गोंधळ होतो. नवा माणूस तीन ठिकाणी हेलपाटे घालतो आणि शेवटी वैतागून ‘सगळे असेच चालवतात’ म्हणत कॅमेरा घेऊन मोकळा होतो. पहिली नोटीस येईपर्यंत सगळं सुरळीत वाटतं.

मी या प्रक्रियेतून गेलो आहे. एमएसओकडून (म्हणजे अनेक चॅनेलं एकत्र करून गावोगावच्या केबलवाल्यांना पुरवणाऱ्या मोठ्या वितरकाकडून) कागद मिळवले, पोर्टलवर अर्ज भरताना शेजारी बसलो, सरकारी पत्रांना उत्तरं लिहिली. तालुक्याच्या गावात पाणी कधी सुटणार, बाजार समितीत आज कांद्याला काय भाव निघाला, नगरपालिकेच्या सभेत नेमकं काय ठरलं, हे मोठी चॅनेलं कधीच दाखवणार नाहीत. ते काम लोकल चॅनेलच करू शकतं. कागद कच्चे राहिल्यामुळे ते बंद पडलं तर नुकसान साऱ्या गावाचं होतं. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

एक गोष्ट आधीच पक्की करून घ्या. केबलवर दिसणाऱ्या लोकल चॅनेलची नोंदणी बहुधा तुमच्या नावावर नसते, ती एमएसओच्या नावावर असते. तुम्ही बातम्या गोळा करता, निवेदक तुमचा, जाहिराती तुमच्या, पण कायद्याच्या नजरेत चॅनेल त्यांचं. पुढचे सगळे सल्ले या एका गोष्टीवर उभे आहेत.

## १. आधी ठरवा: आपण नेमकं काय काढतो आहोत?

भारतात टीव्हीवर दिसायचे कायदेशीर मार्ग ढोबळमानाने दोन.

पहिला सॅटेलाइट चॅनेलचा. त्यासाठी केंद्राच्या माहिती आणि प्रसारण मंत्रालयाची अपलिंकिंग-डाउनलिंकिंगची, म्हणजे सिग्नल उपग्रहावर पाठवण्याची आणि तिथून खाली घेण्याची परवानगी लागते. सध्याची मार्गदर्शक तत्त्वं ९ नोव्हेंबर २०२२ ची आहेत. परवानगी १० वर्षांची असते आणि ती कंपनीला किंवा एलएलपीला (मर्यादित दायित्वाच्या भागीदारीला) मिळते. पहिल्या चॅनेलसाठी नेट वर्थ, म्हणजे देणी वजा जाता उरणारी मालमत्ता दाखवावी लागते: मनोरंजनासारख्या बिगर-बातम्या चॅनेलला ५ कोटी रुपये, बातम्यांच्या चॅनेलला २० कोटी. शिवाय दरवर्षी चॅनेलमागे अपलिंकिंगचे २ लाख आणि डाउनलिंकिंगचे ५ लाख. टेलिपोर्ट (उपग्रहाकडे सिग्नल पाठवणारं केंद्र), सॅटेलाइटवरची जागा आणि बँक हमी हे सगळं वेगळं. आकडे पाहूनच कळेल की तालुक्याच्या चॅनेलचा हा रस्ता नाही.

दुसरा मार्ग प्लॅटफॉर्म सर्व्हिसचा. एमएसओ आपल्या ग्राहकांपुरतं, आपल्याच नेटवर्कवर जे चॅनेल दाखवतो त्याला सरकारी भाषेत प्लॅटफॉर्म सर्व्हिस म्हणतात. ‘सिटी चॅनेल’, ‘लोकल न्यूज’, ‘केबलचं पिक्चरचं चॅनेल’ ही सगळी यातच मोडतात. एमएसओंच्या प्लॅटफॉर्म सर्व्हिससाठीची मार्गदर्शक तत्त्वं ३० नोव्हेंबर २०२२ रोजी आली. हा लेख मुख्यतः याच मार्गाबद्दल आहे.

तुम्ही स्वतः केबल ऑपरेटर, म्हणजे एलसीओ असाल, तर तुमची एलसीओ नोंदणी ही वेगळी बाब आहे. पूर्वी ती हेड पोस्ट ऑफिसात व्हायची. १७ जानेवारी २०२५ पासून ती मंत्रालयाच्या ब्रॉडकास्ट सेवा पोर्टलवर ऑनलाइन होते, फी ५,००० रुपये आणि मुदत ५ वर्षं. मुदत संपायच्या किमान ९० दिवस आधी नूतनीकरणाचा अर्ज करायचा असतो. पण नीट लक्षात घ्या: या नोंदणीने तुम्हाला घरोघरी केबल पुरवता येते, स्वतःचं बातम्यांचं चॅनेल चालवण्याची मुभा तिच्यातून मिळत नाही. ‘माझ्याकडे पोस्टाचं सर्टिफिकेट आहे’ असं सांगून चॅनेल चालवणारे बरेच भेटतात. अधिकाऱ्यापुढे ते टिकत नाही.

## २. एमएसओची कागदोपत्री तपासणी करा

नोंदणी त्यांच्या नावावर होणार असल्याने त्यांचा एखादा कागद कच्चा निघाला की झळ तुम्हाला बसते. संकोच न करता पुढच्या गोष्टी मागून घ्या.

एमएसओची नोंदणी चालू आहे का? ही नोंदणी माहिती आणि प्रसारण मंत्रालय देतं, मुदत १० वर्षं. बऱ्याच नोंदण्या केबलच्या डिजिटायझेशनच्या काळातल्या आहेत, म्हणजे नूतनीकरणाचे दिवस जवळ आलेले किंवा उलटून गेलेले असू शकतात. प्रमाणपत्राची प्रत घ्या आणि त्यावरची तारीख स्वतःच्या डोळ्यांनी वाचा.

एमएसओ ‘कंपनी’ आहे का? लोकांची फसगत सर्वांत जास्त इथे होते. स्थानिक बातम्या आणि चालू घडामोडी दाखवायची मुभा फक्त कंपनी म्हणून नोंदलेल्या एमएसओला आहे. मालकी हक्काची फर्म किंवा भागीदारी असेल तर तो गाणी, भजन, पाककृती दाखवू शकेल, बातम्या नाही. नावाच्या पुढे ‘केबल नेटवर्क’ असं लिहिलेलं आहे म्हणून ती कंपनी ठरत नाही. इन्कॉर्पोरेशन सर्टिफिकेट मागा आणि त्यावरचा सीआयएन, म्हणजे कंपनीचा ओळख क्रमांक, कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर टाकून पाहा. पाच मिनिटांचं काम आहे.

जागा शिल्लक आहे का? एमएसओच्या एकूण चॅनेल वाहून नेण्याच्या क्षमतेच्या ५ टक्क्यांपर्यंतच प्लॅटफॉर्म सर्व्हिस ठेवता येतात. समजा क्षमता ४०० चॅनेलची आहे, तर २०. ही मर्यादा राज्याच्या पातळीवर मोजली जाते आणि त्याशिवाय प्रत्येक जिल्ह्यासाठी २ जादा चॅनेलं मिळतात. जिल्ह्याची ही दोन चॅनेलं स्थानिक मजकुरासाठीच ठेवली आहेत, म्हणून बोलणी करताना स्पष्ट विचारा: ‘आमच्या जिल्ह्याच्या दोन जागांपैकी एक रिकामी आहे का?’ मोठ्या एमएसओच्या स्थानिक प्रतिनिधीला हे बहुतेक वेळा माहीत नसतं. मुख्य कार्यालयातून लेखी उत्तर मिळवा.

## ३. कागदपत्रं जमवा

एमएसओच्या बाजूने:

- एमएसओ नोंदणीचं प्रमाणपत्र आणि नूतनीकरण झालं असेल तर त्याचं पत्र
- इन्कॉर्पोरेशन सर्टिफिकेट, मेमोरँडम आणि आर्टिकल्स
- कंपनीचं पॅन आणि संचालकांची यादी
- आधी नोंदलेल्या प्लॅटफॉर्म सर्व्हिसची यादी
- तुमचं चॅनेल नोंदवण्याविषयी कंपनीचा ठराव किंवा अधिकृत सहीचं पत्र

तुमच्या बाजूने:

- तुमच्या संस्थेची नोंदणी: कंपनी, एलएलपी किंवा फर्म, जे असेल ते
- पॅन, दुकान-आस्थापना नोंदणी, चॅनेलच्या नावाचं बँक खातं
- जीएसटी नोंदणी. सेवेची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की ती लागतेच. वर्तमानपत्रातल्या जाहिरातीच्या जागेवर ५ टक्के जीएसटी आहे, चॅनेलच्या जाहिरातीवर १८ टक्के. दुकानदाराला दर सांगतानाच हे सांगा, नाहीतर तो फरक तुमच्या खिशातून जातो
- चॅनेलचं नाव आणि लोगो. ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या संकेतस्थळावर शोध घ्या, नाव मोकळं असेल तर वर्ग ३८ आणि ४१ मध्ये स्वतःच्या नावाने अर्ज करा

शेवटचा मुद्दा अनेकजण टाळतात. नोंदणी एमएसओकडे आहे, निदान नाव तरी तुमच्याकडे हवं. उद्या तुम्ही त्या नेटवर्कवरून बाहेर पडलात तर तुमच्याच नावाने दुसरा कुणी चॅनेल चालवायला नको.

## ४. पोर्टलवर नोंदणी

नोंदणी ब्रॉडकास्ट सेवा पोर्टलवर होते. अर्ज एमएसओ आपल्या लॉगिनमधून करतो. फी चॅनेलमागे १,००० रुपये, एकदाच. एवढ्याशा रकमेसाठी कुणी ‘दिल्लीत माणूस आहे, लाखभर लागतील’ म्हणत असेल तर त्याला नमस्कार करून उठा.

अर्ज भरताना शक्यतो समोर बसा. चॅनेलचं नाव, भाषा, प्रकार आणि प्रक्षेपणाचं क्षेत्र या चार रकान्यांत गफलत झाली की पुढे त्रास होतो. तुम्ही बातम्या दाखवणार असाल तर तो प्रकार अर्जात दिसला पाहिजे. ‘आत्ता मनोरंजन टाकू, बातम्या नंतर बघू’ हा सल्ला ऐकू नका. पावती आणि नोंदणीची प्रत दोन्हीची पीडीएफ स्वतःकडे ठेवा.

चॅनेल सुरू झाल्यावर पडद्यावर ‘प्लॅटफॉर्म सर्व्हिसेस’ अशी पट्टी लागते, म्हणजे नोंदणीकृत सॅटेलाइट चॅनेलपेक्षा हे वेगळं आहे हे प्रेक्षकाला कळावं. सेट टॉप बॉक्सच्या यादीत अशी सगळी चॅनेलं एकत्र ठेवायची असतात, त्यांची किंमत दाखवायची असते आणि ग्राहकाला ती चालू-बंद करता आली पाहिजेत. हे काम हेडएंडवरच्या, म्हणजे जिथून सिग्नल केबलमध्ये सोडला जातो तिथल्या माणसांचं, पण तपासायचं काम तुमचं. गावातल्या एखाद्या घरी जाऊन रिमोट हातात घ्या आणि स्वतः पाहा.

एक खुलासा: या नोंदणीने तुमच्या वार्ताहराला अधिस्वीकृतीपत्रिका, म्हणजे सरकारमान्य पत्रकाराचं ओळखपत्र मिळत नाही. ती माहिती आणि जनसंपर्क महासंचालनालयाची स्वतंत्र प्रक्रिया आहे.

## ५. करार: इथे घाई करू नका

तोंडी बोलणीवर चाललेली चॅनेलं मी बरीच पाहिली आहेत. संबंध चांगले असतात तोवर काही अडत नाही. मग एमएसओ बदलतो, विकला जातो, किंवा त्याला स्वतःचंच बातमीपत्र काढावंसं वाटतं, आणि एका संध्याकाळी तुमचं चॅनेल काळं होतं. दाद मागायला हातात कागदाचा तुकडाही नसतो. म्हणून मुद्रांकावर करार करा आणि त्यात पुढच्या गोष्टी स्पष्ट लिहून घ्या:

- नोंदणी एमएसओच्या नावावर, पण नाव, लोगो आणि कार्यक्रमांचा कॉपीराइट तुमचा
- बंद करायचं असेल तर किती दिवसांची लेखी सूचना
- जाहिरातीचं उत्पन्न कसं वाटायचं, किंवा चॅनेल नेटवर्कवर दाखवण्याचं महिन्याचं कॅरेज भाडं किती
- मजकुराबद्दल नोटीस आली तर ती किती तासांत तुमच्यापर्यंत पोचवायची आणि उत्तर कोण लिहिणार
- रेकॉर्डिंग कुणी ठेवायचं

नोटिशीचं कलम वकिलाकडून नीट बसवून घ्या. नोटीस जाते नोंदणीधारकाला. त्याने ती टेबलावर ठेवून दिली तर तुमची मुदत तिथेच संपते.

आता सर्वांत मोठा सापळा. प्लॅटफॉर्म सर्व्हिसवरचा मजकूर त्या एका एमएसओपुरताच असला पाहिजे, दुसऱ्या कुठल्याही वितरकाला तो प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष देता येत नाही. गावात दोन नेटवर्कं असतील आणि एकच बातमीपत्र दोन्हींवर चाललं, तर नियम मोडला. जाहिरातदाराला ‘आपण सगळ्या केबलवर दिसतो’ असं सांगायचा मोह होतो, कारण दर त्यावरच ठरतो, पण तसं करू नका. सवलत एकच आहे: मंदिर, गुरुद्वारा अशा धार्मिक स्थळांचं थेट प्रक्षेपण वाटून घेता येतं. देवळातल्या आरतीला ती लागू पडेल, रस्त्यावरच्या विसर्जन मिरवणुकीलाही पडेल असं गृहीत धरू नका.

## ६. नव्वद दिवसांचं रेकॉर्डिंग

दाखवलेला प्रत्येक मिनिट ९० दिवस जपून ठेवायचा, असा नियम आहे. जबाबदारी एमएसओची. तरीही माझं मत ठाम आहे: स्वतंत्र प्रत तुमच्याकडे हवीच. तक्रार येते तेव्हा ‘त्या दिवशी नेमकं काय दाखवलं’ हे सिद्ध करणारा पुरावा एवढाच असतो. मोबाइलवर टीव्हीचा पडदा शूट करून अर्धवट कापलेली क्लिप व्हॉट्सअॅपवर फिरते आणि तीच तक्रारीला जोडली जाते. पूर्ण बातमी तुमच्याकडे असली की निम्मं भांडण तिथेच मिटतं.

हिशेब सोपा आहे. २ एमबीपीएसने चोवीस तास रेकॉर्डिंग केलं तर दिवसाला सुमारे २१.६ जीबी होतात. नव्वद दिवसांचे १,९४४ जीबी. म्हणजे २ टीबीची डिस्क अगदी काठावर येते. ४ टीबीची घ्या आणि तेवढीच दुसरी प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवा. रेकॉर्डिंग प्लेआउटच्या, म्हणजे कार्यक्रम सोडणाऱ्या संगणकातून न घेता सेट टॉप बॉक्सच्या आउटपुटवरून घेतलेलं बरं, कारण प्रेक्षकाला प्रत्यक्ष काय दिसलं ते त्यातच येतं, पट्टी आणि जाहिरातींसकट. पडद्यावर तारीख-वेळ उमटेल अशी सोय करा.

याशिवाय १९९५ च्या केबल टीव्ही कायद्याच्या कलम १० प्रमाणे ऑपरेटरला कार्यक्रमांचं रजिस्टर ठेवावं लागतं आणि प्रक्षेपणानंतर एक वर्ष ते सांभाळावं लागतं. रोजची रनडाउन शीट, म्हणजे कार्यक्रमांची वेळेवार यादी, एमएसओला पाठवत राहिलात तर तेही आपोआप तयार होतं.

## ७. काय दाखवायचं, काय टाळायचं

प्लॅटफॉर्म सर्व्हिसला कार्यक्रम संहिता आणि जाहिरात संहिता दोन्ही पूर्णपणे लागू आहेत. केबल टीव्ही नियम १९९४ मधले नियम ६ आणि ७ छापून एडिटिंगच्या टेबलासमोर लावा. यादी मोठी आहे: धर्म किंवा जमातींवर हल्ला, अश्लीलता, हिंसेला चिथावणी, न्यायालयाचा अवमान, अंधश्रद्धेला खतपाणी, स्त्रियांची आणि मुलांची बदनामी हे सगळं वर्ज्य. बदनामीकारक मजकुरासोबत ‘अर्धसत्य’ही नियमात आहे. नगरसेवकावर आरोप झाला, आरोप दाखवला, त्याची बाजू घेतलीच नाही, तर तुम्ही याच कलमात सापडता. त्याला फोन करा. तो बोलला नाही तर ‘संपर्क केला, प्रतिक्रिया मिळू शकली नाही’ हे बातमीत सांगा आणि कॉलची वेळ टिपून ठेवा. दहशतवादविरोधी कारवाई चालू असताना थेट प्रक्षेपण करता येत नाही, अधिकाऱ्याने वेळोवेळी दिलेली माहिती तेवढी सांगायची.

लोकल चॅनेलच्या खास चुका मात्र वेगळ्या आहेत, त्या नीट समजून घ्या.

पीडितेची ओळख. लैंगिक अत्याचाराच्या बातमीत नाव द्यायचं नाही हे सगळ्यांना माहीत असतं. पण भारतीय न्याय संहितेचं कलम ७२ ओळख पटेल अशा कोणत्याही तपशिलाबद्दल बोलतं आणि मुलांच्या बाबतीत पोक्सोचं कलम २३ आणखी कडक आहे: नाव, पत्ता, फोटो, कुटुंब, शाळा, शेजार, काहीच उघड करता येत नाही. मोठ्या शहरात ‘एका वस्तीतली मुलगी’ म्हटलं तर कुणाला कळत नाही. हजार उंबऱ्यांच्या गावात ‘अमुक वाडीतल्या किराणा दुकानदाराची मुलगी’ म्हटलं की संपलं. घराचा दरवाजा, अंगणातली गाडी, आजीचा आवाज, आरोपी मुलीचा चुलता आहे हे नातं, यांतलं काहीही पुरेसं असतं. चेहरा धूसर केला म्हणजे भागलं असं मुळीच नाही. माझा आग्रह असा की अशा बातमीत गावाचं नावही घेऊ नका, फक्त पोलीस ठाण्याची हद्द सांगा. आपली बातमी त्या मुलीच्या वर्गातलीच मुलं पाहणार आहेत, एवढं ध्यानात ठेवलं की कुठे थांबायचं ते समजतं.

सिनेमा आणि गाणी. पेन ड्राइव्हवरचा सिनेमा लावणं सर्रास चालतं. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ खाली याला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे. प्रसारणाचे हक्क लेखी घ्या, कोणत्या माध्यमासाठी आणि किती काळासाठी ते वाचा. सेन्सॉर प्रमाणपत्राची प्रत ठेवा, सर्वांसाठी खुला नसलेला सिनेमा केबलवर चालत नाही. वाढदिवसाच्या शुभेच्छांमागे वाजणाऱ्या गाण्यालासुद्धा हक्क लागतात. त्यापेक्षा गावातल्या भजनी मंडळाकडून, शाहिराकडून, बँडकडून लेखी संमती घेऊन रेकॉर्ड करा. लोक ते जास्त आवडीने बघतात.

जाहिराती. तासाला कमाल १२ मिनिटं: १० मिनिटं व्यापारी आणि २ मिनिटं स्वतःच्या कार्यक्रमांची. दारू आणि तंबाखू पूर्ण बंद. लोकल चॅनेलकडे सर्वांत जास्त पैसा घेऊन येतात ते गॅरंटीवाले: मुतखडा, मधुमेह, वंध्यत्व यांवर हमखास उपाय सांगणारे वैदू, वशीकरण करणारे बाबा, यंत्र-तावीज विकणारे. १९५४ च्या औषधे आणि जादूटोणा उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्यात ठराविक आजारांच्या अशा जाहिरातींना बंदी आहे आणि महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदाही लागू आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने जानेवारी २०२१ मध्ये चमत्कारी यंत्रांच्या टीव्ही जाहिराती बेकायदा ठरवल्या. अशा जाहिराती महिन्याचा पगार भागवतील, पण आपल्याच गावातला माणूस औषध सोडून तावीज बांधून बसेल. घेऊ नका.

## ८. निवडणुकीच्या काळात

या दिवसांत उत्पन्न वाढतं आणि धोकाही वाढतो. उमेदवाराची किंवा पक्षाची जाहिरात लावण्याआधी जिल्ह्याच्या माध्यम प्रमाणन आणि संनियंत्रण समितीचं, म्हणजे एमसीएमसीचं प्रमाणपत्र पाहिजे. त्यासाठी नोंदणीकृत पक्ष आणि उमेदवार यांनी प्रसारणाच्या किमान ३ दिवस आधी, इतरांनी ७ दिवस आधी अर्ज करायचा असतो. ‘क्लिप लावा, सर्टिफिकेट उद्या आणून देतो’ या शब्दावर काही चालवू नका, मग सांगणारा कितीही जवळचा असो. प्रमाणपत्रावरची क्लिप आणि हातात आलेली क्लिप एकच आहे का, तेही पूर्ण बघून घ्या.

लोकसभा-विधानसभेत मतदान संपण्याआधीच्या ४८ तासांत लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२६ टीव्हीवर निवडणूक प्रचाराचा मजकूर दाखवायला मनाई करतं. प्रचारसभेचं जुनं रेकॉर्डिंग पुन्हा लावणंही त्यातच येतं. रात्रीचा प्लेआउट ऑटोवर असतो, त्यात तीन दिवसांपूर्वीची सभा पडून राहते आणि पहाटे चारला लागते. शांतता काळ सुरू व्हायच्या आधी प्लेलिस्ट हाताने रिकामी करा. नगरपालिका, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत या निवडणुका राज्य निवडणूक आयोगाच्या असतात. त्यांचे आदेश दर वेळी तहसील किंवा कलेक्टर कचेरीतून मागून घ्या.

## ९. अर्ध्या तासाचं सार्वजनिक सेवेचं बंधन

सॅटेलाइट चॅनेलना २०२२ च्या तत्त्वांनी रोज ३० मिनिटं राष्ट्रीय महत्त्वाच्या आणि सामाजिक विषयांना देण्याचं बंधन घातलं. विषय आठ आहेत: शिक्षण आणि साक्षरता, शेती आणि ग्रामविकास, आरोग्य आणि कुटुंबकल्याण, विज्ञान-तंत्रज्ञान, महिलांचं कल्याण, दुर्बल घटकांचं कल्याण, पर्यावरण आणि सांस्कृतिक वारशाचं रक्षण, राष्ट्रीय एकात्मता. जानेवारी २०२३ च्या सूचनेप्रमाणे ही ३० मिनिटं सलग असण्याची गरज नाही, छोट्या तुकड्यांत दाखवता येतात आणि हिशेब महिन्याचा होतो. मध्यरात्र ते सकाळी ६ ही वेळ मात्र धरत नाहीत. महिन्याचा अहवाल पोर्टलवर द्यायचा असतो.

हे बंधन सॅटेलाइट चॅनेलचं आहे, प्लॅटफॉर्म सर्व्हिसवर ते नाही. तरी मी सांगेन, पाळा. लोकल चॅनेलला ते जड जात नाही: कृषी सहायकाची बोंडअळीवरची दहा मिनिटं, प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या लसीकरणाची तारीख, जिल्हा परिषद शाळेतलं विज्ञान प्रदर्शन, की झाला अर्धा तास. त्याची तारीखवार नोंद ठेवा. पुढे कधी सॅटेलाइटकडे जायचं ठरलं तर सवय लागलेली असेल, आणि तक्रारी पाहणाऱ्या जिल्हा संनियंत्रण समितीपुढे चॅनेलची बाजू मांडायची वेळ आली तर ही वही उपयोगी पडते.

दूरदर्शनच्या अधिसूचित वाहिन्या आणि संसदेची वाहिनी दाखवणं हे कलम ८ प्रमाणे केबल ऑपरेटरचं कर्तव्य आहे. लोकल चॅनेलला जागा करायला त्यांतली एखादी काढून टाकायची ‘युक्ती’ कुणी सुचवली तर साफ नाही म्हणा.

## १०. तक्रार किंवा नोटीस आली तर

प्लॅटफॉर्म सर्व्हिसच्या मजकुराबद्दलच्या तक्रारी अधिकृत अधिकारी आणि जिल्हा किंवा राज्य संनियंत्रण समिती पाहते. अधिकृत अधिकारी म्हणजे जिल्हाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा पोलीस आयुक्त. समितीत पोलीस अधीक्षक, जिल्हा माहिती अधिकारी, महिला महाविद्यालयाच्या प्राचार्या, महिला आणि मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थांचे प्रतिनिधी असतात. जनविश्वास कायदा २०२३ नंतर केबल कायद्याच्या कलम १६ मधली कैद गेली, आता समज, ताकीद, निषेध आणि आर्थिक दंड अशी चढती रचना आहे. पण सार्वजनिक हितासाठी प्रक्षेपण थांबवण्याचा कलम १९ चा आणि उपकरणं जप्त करण्याचा कलम ११ चा अधिकार अजून आहे.

नोटीस हातात पडली की पहिल्यांदा त्या दिवसाचं रेकॉर्डिंग वेगळ्या डिस्कवर काढा, नाहीतर ९० दिवसांच्या चक्रात ते पुसलं जाईल. मग नोटिशीतली तारीख, वेळ आणि आक्षेप घेतलेलं वाक्य रेकॉर्डिंगशी ताडून पाहा. पुष्कळदा तारीखच चुकलेली असते, कधी क्लिप दुसऱ्याच यूट्यूब चॅनेलची निघते. उत्तर छोटं लिहा: काय दाखवलं, समोरच्याची बाजू कशी घेतली, संहितेच्या कोणत्या कलमाबद्दल आक्षेप आहे आणि तो का लागू होत नाही. चूक झाली असेल तर खुलासा कोणत्या बातमीपत्रात, किती वाजता दाखवला ते लिहा. उत्तर एमएसओच्या लेटरहेडवर, त्यांच्या अधिकृत सहीने जाऊ द्या आणि सोबत पूर्ण बातमीचा पेन ड्राइव्ह जोडा. आवक-जावक टेबलावर पोच घ्या. शिक्का आणि आवक क्रमांक स्पष्ट उमटला आहे का हे तिथेच बघा, मगच कचेरीतून निघा.